‘द प्रायव्हेट सेक्रेटरी’: जर्मन ग्रंथपालाचा इंग्रज पाद्री कसा झाला?

‘द प्रायव्हेट सेक्रेटरी’ हा १८८३ साली इंग्लंडमध्ये रंगभूमीवर आलेला फार्स. नट आणि नाट्यव्यवस्थापक चार्ल्स हॉट्री यांनी तो गुस्टाफ फॉन मोझर यांच्या ‘डेर बिब्लिओटेकार’ म्हणजे ‘ग्रंथपाल’ या जर्मन नाटकावरून रचला. मोझर (१८२५-१९०३) हे पूर्वी प्रशियाच्या सैन्यात अधिकारी होते. त्यांचे मूळ नाटक १८७८चे.

कथानक काय?

डग्लस कॅटरमोल हा तरुण शिंप्याच्या उधारीमुळे लंडनमध्ये तोंड लपवत फिरतो. एका श्रीमंत गृहस्थाकडे रुजू होणाऱ्या खासगी सचिवाचे नाव घेऊन तो खेड्यातल्या वाड्यात जाऊन राहतो आणि खऱ्या सचिवाला आपल्या खोलीवर ठेवतो. तेवढ्यात हिंदुस्थानात पैसा कमावलेले काका परततात. तरुणपणी चार उचापती न करणारा पुतण्या त्यांना नको असतो. समोर मात्र दिसतो भित्रा, दूध पिणारा, रबरी जोडे सांभाळणारा सचिव! त्यालाच पुतण्या समजून काका संतापतात.

भाषांतरात काय बदलले?

मोझर यांनी जर्मन प्रेक्षकांसाठी लिहिले, पण नाटक लंडनमध्ये घडवले आणि पात्रांना इंग्रजी नावे दिली. त्यामुळे हॉट्री यांना स्थळ बदलावे लागले नाही. महत्त्वाचा बदल एकच होता. ग्रंथपाल रॉबर्टचा त्यांनी रेव्हरंड रॉबर्ट स्पॉल्डिंग हा पाद्री केला. भोळाभाबडा तरुण पाद्री इंग्रज प्रेक्षकांच्या नेहमीच्या पाहण्यातला होता. शब्दांच्या भाषांतरापेक्षा ‘हसायचे कोणाला’ याचे भाषांतर इथे कामी आले.

तरीही यश लगेच मिळाले नाही. मार्च १८८४ मध्ये लंडनच्या प्रिन्सेस थिएटरमध्ये हर्बर्ट बीरबोम ट्री पाद्री झाले, तेव्हा समीक्षकांनी नाके मुरडली. हॉट्री यांनी संहितेवर पुन्हा हात फिरवला आणि मे महिन्यात नाटक ग्लोब थिएटरमध्ये नेले. तिथे डब्ल्यू. एस. पेन्ली यांचा पाद्री गाजला आणि ७८५ प्रयोग झाले.

मूळ लेखकाचा हक्क

१८५२च्या ब्रिटिश कायद्याने परदेशी नाटकाच्या भाषांतराला संरक्षण दिले होते, पण रंगभूमीसाठी केलेल्या ‘रास्त रूपांतराला’ मोकळीक ठेवली होती. ही मोकळीक काढून घेण्याचा मार्ग १८७५च्या कायद्याने खुला केला. अमेरिकेत तर १८९१ पर्यंत परदेशी लेखकांना कॉपीराइटच मिळत नसे. म्हणूनच १८८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हॉट्री यांचे रूपांतर आणि विल्यम जिलेट यांचे स्वतंत्र रूपांतर समोरासमोर उभे राहिले. दोन्ही रूपांतरांच्या मुळाशी मोझर यांचेच नाटक होते.

वसाहतींमधले प्रयोग

ऑस्ट्रेलिया तेव्हा एक देश नव्हता. तिथे १९०१ पर्यंत स्वतंत्र ब्रिटिश वसाहती होत्या. लंडनमध्ये चाललेले नाटक बोटीने तिथे नेणे हा नाट्यव्यवसायाचा ठरलेला भाग होता. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकांतून पुढे आलेले फ्रँक थॉर्नटन यांनी १८८०च्या दशकात हा फार्स ऑस्ट्रेलियात नेला आणि स्पॉल्डिंगची भूमिका केली. प्रयोग ‘लंडनचे यशस्वी नाटक’ म्हणून होत असल्याने त्याचे जर्मन मूळ मागे पडत गेले.

मराठीशी नाते

या यशामुळे पेन्ली विनोदी नट म्हणून प्रस्थापित झाले. पुढे ब्रँडन थॉमस यांच्या ‘चार्लीज आंट’ (१८९२) मध्ये मावशीचे सोंग घेणारा तरुण त्यांनीच रंगवला. त्या नाटकावरून आचार्य अत्रे यांनी ‘मोरूची मावशी’ लिहिले. अत्रे यांनी मोझर यांच्या नाटकावरून काही घेतले असे नाही. पण परदेशातून येणारा धनवान नातलग आणि ऐन वेळी दुसऱ्याच्या नावावर उभा केलेला माणूस, हा मसाला दोन्हीकडे ओळखीचा वाटतो.