तळटीप १४ : हेरिटेज कमिटी

१४. हेरिटेज कमिटी : वारसा यादीतील वास्तूंबाबत महापालिका आयुक्तांना सल्ला देणारी समिती. राज्यात ही पद्धत मुंबईत १९९५ च्या नियमावलीने आली. सोलापूरला २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. श्रेणी तीन : पहिलीतल्या वास्तूला मजबुतीपुरताच हात लावता येतो, दुसरीत आतले बदल चालतात, तिसरीत बाहेरचेही, पण मूळ रूप राखून. नुसता रंग वा गिलावा द्यायचा तरी आयुक्तांची लेखी परवानगी आधी लागते. भुईकोट किल्ला मात्र केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई. मजकुरातील ‘इंद्रभुवन’ म्हणजे अप्पासाहेब वारद यांनी बांधलेली वास्तू, पुढे महापालिकेची कचेरी.