कथा, आंकडा आणि मतदार

निवडणूक जवळ आली कीं प्रचारक मतदारापुढें दोन वस्तू मांडतो: एक कथा आणि एक आंकडा. कथेनें अंतःकरण हलतें, आंकड्यानें बुद्धीची खात्री पटते. या दोहोंचें सामर्थ्य पुणें जिल्ह्यानें मताधिकार मिळण्यापूर्वींच अनुभविलें आहे.

शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं १८७४ च्या डिसेंबरांत काळूराम नांवाच्या सावकारानें बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळविला. दीडशें रुपयांपायीं एका प्रतिष्ठित कुळावर राहतें घर सोडण्याची पाळी आली. गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांस पाणी भरणारा मिळेना, न्हावी मिळेना, गाडीवान मिळेना. ही वार्ता गांवोगांव गेली, कारण तींत प्रत्येक कुणब्यास आपलेंच घर दिसत होतें. आजचा दौंड तालुका तेव्हां भीमथडींत मोडत असे. त्या भीमथडींतील सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं, बाजारच्या दिवशीं, जमाव सावकारांवर चालून गेला. जमावास मुख्यतः कर्जरोखे हवे होते. ते हातीं येतांच जाळले गेले. दंगे नगर जिल्ह्यांतही पसरले. ९५१ जणांस अटक व ५०१ जणांस शिक्षा झाली.

वास्तविक आंकडे आधींच सिद्ध होते. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपल्यावर कापसाचे चढलेले भाव उतरले. त्याच सुमारास फेरआकारणीनें सारा वाढला. सार्वजनिक सभेनें शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करून १८७३ सालीं अहवाल छापला होता. परंतु नुसत्या अहवालानें कायदा झाला नाहीं. रोख्यांच्या होळीनंतर सरकारी कमिशन बसलें, आणि १८७९ सालीं दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. त्यानें न्यायाधीशास रोख्यामागील मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला.

मात्र कथेनें एक गोष्ट झांकली. लोकांचा राग मारवाडी-गुजर सावकारांवर कोसळला. ब्राह्मण सावकार बहुधा वांचले. सारा वाढविणाऱ्या कचेरीवर तर कोणीच चालून गेलें नाहीं. करडें येथील कथा खरी होती, तरी संपूर्ण नव्हती. परका सावकार डोळ्यांस दिसत होता. आकारणीचा तक्ता दिसत नव्हता.

१९५१-५२ च्या निवडणुकींत त्याच कुणब्यांच्या वंशजांस मताचा हक्क मिळाला. तेव्हांपासून भिंतीवरील पत्रकापासून हातांतील मोबाईलपर्यंत प्रचाराचीं साधनें बदललीं. रीत तीच राहिली. एकाद्या कुटुंबाचें दुःख दाखवून जाहिरात मत मागूं लागली, तर श्रोत्यांनीं डोळे जरूर पुसावे. पण या चित्रांतून कोण वगळला आहे, हेंही विचारावें. आणि आंकडा दाखविला, तर मूळ हिशेब मागावा. १८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशास जें शिकविलें, तें मतदारानें आपण होऊन शिकावयाचें आहे.