परदेशात मोटार भाड्याने घेण्यासाठी आंतरराष्ट्रीय परवाना : जयपूरमधील प्रवाशांनी काय ध्यानात ठेवावे

जयपूर : परदेशात स्वतः चालवण्यासाठी मोटार भाड्याने घ्यायची असल्यास अनेक देशांत मूळ वाहन परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मागितला जातो. तो भारतातून निघण्यापूर्वीच काढावा लागतो. जयपूरच्या रहिवाशांना तो प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो.

अर्ज केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नमुना 4-अ नुसार करायचा असून शुल्क एक हजार रुपये आहे. पूर्वी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि वैध व्हिसाही जोडावा लागे. जानेवारी 2021 च्या दुरुस्तीने या अटी काढण्यात आल्या. पोहोचल्यावर व्हिसा देणाऱ्या देशांत जाणाऱ्यांची त्यामुळे मोठी अडचण दूर झाली. परवान्याची मुदत एक वर्ष असते. मूळ परवाना त्याआधी संपत असल्यास मुदतही तेथेच संपते. परदेशात असताना मुदत संपल्यास भारतीय दूतावासामार्फत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो.

हा दस्तऐवज स्वतंत्र परवाना नव्हे. मूळ परवाना जवळ नसेल, तर त्याला अर्थ उरत नाही. राजस्थानात 1 एप्रिल 2024 पासून ई-परवाने दिले जात आहेत. मोबाइलमधील प्रत देशात चालत असली, तरी परदेशातील मोटार कंपनी ती स्वीकारीलच असे नाही. त्यामुळे आरक्षणापूर्वी कंपनीला लेखी विचारणे शहाणपणाचे.

देशागणिक नियम वेगळे आहेत. भारत 1949 च्या जिनिव्हा करारात सहभागी आहे आणि जपान याच करारानुसार दिलेला परवाना मानतो. त्याविना तेथे भारतीय पर्यटकास मोटार मिळत नाही. ब्रिटनमध्ये पर्यटकास मूळ भारतीय परवान्यावर 12 महिन्यांपर्यंत लहान मोटार चालवता येते. अमेरिकेत नियम राज्यानुसार बदलतात. चीनमध्ये मात्र आंतरराष्ट्रीय परवाना ग्राह्य धरला जात नाही. तेथे स्थानिक परवानाच लागतो.

कंपन्यांच्या अटी याहून निराळ्या. किमान वय, परवाना मिळून झालेली वर्षे आणि अनामतीसाठी चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड या गोष्टी बहुधा तपासल्या जातात. घरखर्चाचे कार्ड एकाच्या नावावर आणि मोटार चालवणारा दुसरा, अशा कुटुंबांची अडचण तेथेच होते. करारात नाव नसलेल्याने मोटार चालवली आणि अपघात झाला, तर विमा भरपाई नाकारली जाऊ शकते.

काही खासगी संकेतस्थळे ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ घरबसल्या विकतात. परिवहन कार्यालयाने न दिलेल्या अशा कागदास कायदेशीर मान्यता नाही.