आंघोळीचे पाणी आणि छतावरची वीज

ऊर्जानगर ही चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत. केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. जुने दोन संच बंद केल्यानंतरही त्याची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट आहे. येथे कोळसा जाळून पाण्याची पाचशे अंशांहून अधिक तापमानाची वाफ केली जाते. त्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेच्या रूपाने हाती लागतो. उरलेली शीतकरण मनोरे आणि चिमण्यांवाटे निघून जाते. पुढे हीच वीज तारांवरून घरोघरी पोहोचते आणि गिझरमध्ये पुन्हा पाणीच तापविते, तेही चाळीस-पन्नास अंशांपर्यंत! हा द्राविडी प्राणायाम टाळून छतावरील सौर पॅनेलच्या विजेवर पाणी तापविणे कितपत परवडते, हा प्रश्न त्यामुळे निघतो.

हिशेब सोपा आहे. वीस लिटरची एक बादली २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवावयास सुमारे अर्धे युनिट वीज लागते. चौघांच्या कुटुंबास रोज दोन युनिट पुरतात. औष्णिक केंद्रात त्यासाठी अंदाजे दीड किलो कोळसा जळतो. एक किलोवॉटचे पॅनेल महाराष्ट्रात दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते. म्हणजे आंघोळी भागून निम्मी वीज उरते.

तथापि केवळ पाणीच तापवावयाचे असेल तर सौरबंब अधिक काटकसरी ठरतो. शंभर लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेण्यास त्याला दोन चौरस मीटर उष्णताग्राहक पुरतो. तेवढ्याच उष्णतेसाठी पॅनेलला सुमारे पाच चौरस मीटर जागा लागते, कारण पॅनेल उन्हाचा पाचवा हिस्साच विजेत बदलते. पुणे-नाशिककडे, जेथे जवळजवळ बारमास ऊन पाणी हवे असते, तेथे सौरबंबाला तोड नाही.

चंद्रपूरची गोष्ट निराळी. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि छतावरील टाकीतले पाणी आपसूकच पोळते. गरम पाण्याची खरी गरज नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच. उरलेले आठ महिने सौरबंब जवळपास बिनकामाचा राहतो. पॅनेलची वीज मात्र उन्हाळ्यात कूलर आणि पंखे चालविते व हिवाळ्यात गिझर. म्हणून या जिल्ह्यांत, अपवाद म्हणून का होईना, पॅनेलचे पारडे जड आहे.

अडचण वेळेची आहे. ऊन दुपारी, आंघोळ पहाटे. बॅटरीचा उपाय येथे कुचकामी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत जेमतेम १.८ युनिट साठतात व त्यातील निम्मेच निर्धास्त वापरता येतात. घरगुती इन्व्हर्टर दोन किलोवॉटचा गिझर पेलतही नाही. त्यापेक्षा नेट मीटरिंग बरे. दुपारची शिल्लक वीज महावितरणच्या जाळ्यात जाते व पहाटेच्या वापरातून ती वजा होते. त्यासाठीचे पहिले विनियम महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये केले. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये केंद्रीय अनुदान ठरविले गेले. वसाहतीतील निवासस्थाने कंपनीची असल्याने तेथील छताचा निर्णय रहिवाशाच्या हाती नाही. दुर्गापूर, तुकूम येथील स्वतःच्या घरांत मात्र हा विचार करता येतो. वीजपुरवठा खंडित झाला की जाळ्याशी जोडलेली ही यंत्रणा सुरक्षिततेसाठी आपोआप थांबते, हे ग्राहकांना बहुधा नंतर कळते.

पॅनेलची तार थेट गिझरला जोडण्याचा उद्योग कोणीही करू नये. पॅनेलमधून एकदिश प्रवाह येतो. नेहमीच्या गिझरचा थर्मोस्टॅट प्रत्यावर्ती प्रवाहासाठी बनविलेला असल्याने तो प्रवाह तोडताना ठिणगी विझत नाही आणि आग लागू शकते. कोळशाची धूळ व राख या परिसरात पॅनेलवर लवकर बसते. ती सकाळी, काच थंड असताना, पाण्याने धुवावी. तापल्या काचेवर गार पाणी टाकल्यास ती तडकण्याचा धोका असतो. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून सुमारे २० अंशांच्या कलाने बसवावे.