नुसता बाहेरून पुसलेला रेडिओ



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीला आमच्या एक काकू डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर रेडिओ घेऊन आल्या. लाकडी पेटीचा, पुढं सोनेरी कापड लावलेला, काचेच्या पट्टीवर शहरांची नावं असलेला. त्यांच्या सासऱ्यांनी घेतलेला, वीसेक वर्षं माळ्यावर पडलेला. भंगारवाला दीडशे रुपये म्हणाला होता. काकू म्हणाल्या, "विकायचा तर विकू. पण आधी आत काय आहे ते बघायचंय. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हा नुसता बाहेरून पुसलाय."

त्यांच्या या बोलण्यावरूनच आजचा विषय निघाला.

मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, पुण्याचं २ ऑक्टोबर १९५३ ला. तोपर्यंत आपल्याकडच्या बहुतेक खेड्यांत रेडिओ ही ऐकीव गोष्टच होती. गावात वीज नव्हती, संच महाग होता, आणि वर रेडिओ ऐकायलाही सरकारी परवाना लागायचा. पोस्टात जायचं, वर्षाची फी भरायची, पुस्तकावर शिक्का घ्यायचा. काकूंच्या पेटीमागं तसं एक पुस्तक निघालं. कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण सासऱ्यांचं नाव स्वच्छ वाचता येतं. ही परवान्याची भानगड १९८०च्या दशकात संपली.

आपल्या भागाचा एक मान मात्र सांगायलाच हवा. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. गावागावांत ऐकणाऱ्यांचे गट केले. पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. गटानं तो एकत्र ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि आपल्या शंका केंद्राला कळवायच्या. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला आणि पुढं ही पद्धत देशभर नेली गेली. एकत्र बसा, ऐका, बोला, ठरवा. आपल्या बचत गटाची बैठक तरी याहून काय वेगळी असते?

पण त्या काळात बाया कुठं बसायच्या? आमच्या गटातल्या सत्तरी ओलांडलेल्या तिघींना मी विचारलं. एक म्हणाली, दाराआड. दुसरी म्हणाली, चुलीपाशी, आवाज येईल तेवढा. तिसरी हसली आणि म्हणाली, "आम्हाला गाणी कळायची, बातम्या नाही. बातम्या लागल्या की सासरे आवाज बारीक करून कान लावायचे." गाण्यांवरून आठवलं. त्या वेळचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर, आपले मराठीच, त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची. आकाशवाणीवरून ती जवळजवळ बंद झाली आणि लोक रेडिओ सिलोनकडं वळले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. तोवर संचाला शॉर्ट वेव्ह असेल त्याच्या ओट्यावर गर्दी.

आता आमच्या पेटीकडं येऊ. तालुक्याच्या गावी एक जुने मेकॅनिक काका आहेत. हात थरथरतात म्हणून त्यांनी काम सोडलंय. ते म्हणाले, "मी सांगीन, करायचं तुम्ही." म्हणून काम आमच्या हातात आलं.

त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की वर्षानुवर्षं बंद असलेला संच थेट प्लगात घालायचा नाही. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं. आत कोळ्याची जाळी, उंदराचं घरटं, मधे काचेचे पाच व्हॉल्व्ह. मऊ ब्रशनं सगळं झाडलं. वायरीवरचं रबर हात लावताच भुगा होत होतं, ती वायर बदलली. मग काकांनी साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब मधे जोडायला लावला. वीज आधी बल्बातून जाणार, मग रेडिओत. बल्ब भडक पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं. आमचा बल्ब भडकला आणि हळूहळू मंद झाला. व्हॉल्व्हच्या आत लालसर उजेड दिसायला लागला. खोलीतली एक बाई बोलेल तर शपथ.

आवाज आला तो नुसता घुर्रर्र. काका खूश झाले. म्हणाले, "घुरघुरतोय म्हणजे घशापर्यंत जीव आहे." विजेची लहर गाळून सरळ करणारा मोठा कंडेन्सर वाळला की अशी घरघर येते. तो बदलला. मेणकागदाचा एक छोटा कंडेन्सर असतो, तो गळका झाला की आवाजाचा मुख्य व्हॉल्व्ह जाळून टाकतो. तोही काढला. कथलाचा डाग काकूंनी स्वतः दिला. पहिला डाग गोळा होऊन बसला, दुसरा बरा झाला.

घरी असा संच असेल तर हे नीट ऐका. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट राहू शकतात. आधी ते काढून टाकावे लागतात आणि मीटर लावून बघावं लागतं. काही संचांमध्ये तर आतली पत्र्याची बैठकच थेट विजेला जोडलेली असते. जाणकार शेजारी नसताना झाकण उघडू नका. बाईला जमणार नाही म्हणून सांगत नाहीये, जीव जातो म्हणून सांगतेय.

व्हॉल्व्ह पुसताना एकावर अक्षरं दिसली, मुलार्ड. घरी येऊन मी शोध घेतला. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न या गावी या कंपनीचा मोठा कारखाना होता आणि व्हॉल्व्ह जोडायचं काम तिथं बहुतांशी बायका करायच्या. काचेच्या आतली केसासारखी तार, तिचे वेढे, बारीक जोड, सगळं बायकांच्या बोटांनी. आमचा व्हॉल्व्ह नेमका कुठं बनला ते काही त्यावर लिहिलेलं नाही. पण असल्या पेट्यांचं काळीज दूरदेशी बायका जोडत होत्या, आणि इथं काकूंना चाळीस वर्षं सांगितलं जात होतं, हात लावू नको, बिघडेल. मला याचा राग आला, खरं सांगते.

ऐकायला परवाना लागायचा त्या देशात बोलायचा परवाना आपल्यासारख्या संस्थांना मिळू लागला तो २००६ च्या धोरणानं. दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, आजच्या तेलंगणातल्या माचनूर गावी दलित बायकांनी संघम रेडिओ सुरू केला. ध्वनिमुद्रण, यंत्रं, प्रसारण, सगळं त्याच बघतात. त्याच वर्षी आपल्या म्हसवडला माणदेशीचा रेडिओ सुरू झाला.

काकूंचा संच त्या संध्याकाळी वाजला. मीडियम वेव्हवर आधी खरखर, मग दूरवरून मराठी बोलणं आलं. रात्र पडली तसा आवाज स्वच्छ होत गेला, कारण त्या लहरी अंधारात लांब जातात. काकूंनी विचारलं, "आपलं केंद्र लाव की, तुझं बोलणं ऐकू." मला सांगावं लागलं की ते नाही लागणार. आपलं केंद्र एफएमवर आहे आणि या पेटीला एफएम नाही. त्यामुळं आजचं हे बोलणं काकू नातवाच्या मोबाईलवर ऐकत असतील.

काट्याचा दोरा तुटलाय तो अजून बसवायचा आहे. काका गुरुवारी येणार आहेत, पेचकस काकूंकडंच आहे.