प्रतिवादी : पाच जुगारयंत्रे

१/ ७ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका चमत्कारिक शीर्षकाच्या दाव्याचा निकाल दिला. वादी होते अमेरिकेचे केंद्र सरकार. प्रतिवादी होती पाच जुगारयंत्रे, अनुक्रमांकांसह! निर्जीव यंत्रांवर दावा का लावावा लागला आणि त्यात सरकार हरले कसे, त्याची ही हकीकत.

२/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे या कारागिराने तीन फिरत्या चक्रांचे 'लिबर्टी बेल' यंत्र घडविले. नाणे टाकायचे, दांडा ओढायचा. चित्रे जुळली तर पैसे. जुगारबंदीचे कायदे आड येऊ लागले, तेव्हा उत्पादकांनी पळवाट काढली. यंत्रातून च्युइंगगम किंवा पेपरमिंटची पुडी बाहेर पडू लागली. मग हा जुगार कसा? ही तर खाऊची विक्री! स्लॉट मशीनवर आजही दिसणारी चेरी, लिंबू, संत्री ही त्या फळस्वादी गमची खूण आहे.

३/ न्यूयॉर्कमध्ये अशी हजारो यंत्रे फ्रँक कॉस्टेलो या गुंडाच्या टोळीकडे होती. यंत्रे 'खाऊविक्रीची' असल्याच्या युक्तिवादावर न्यायालयाची मनाई मिळालेली, त्यामुळे पोलीस हतबल. १९३४ च्या जानेवारीत फिओरेलो ला गार्डिया महापौर झाले. (फिओरेलो म्हणजे इटालियन भाषेत 'छोटे फूल'. हे फूल भलतेच काटेरी निघाले.) त्याच वर्षी मनाई उठली आणि जप्ती सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये छायाचित्रकारांच्या साक्षीने महापौरांनी स्वतः घण उचलून यंत्रे फोडली. ती तराफ्यावरून समुद्रात लोटण्यात आली.

४/ ते छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने घणापाशी थांबू नये. कॉस्टेलोच्या धंद्याचे काय झाले? १९३५ मध्ये यंत्रांनी लुईझियानातील न्यू ऑर्लिन्स गाठले. तेथील सर्वेसर्वा नेते ह्यूई लाँग यांच्याशी संधान बांधलेले होतेच. यंत्र बुडाले, मालक तरला.

५/ येथे एक भेद ध्यानी घ्यावा. 'जप्ती' म्हणजे वस्तू ताब्यात घेणे. 'सरकारजमा' म्हणजे तिच्यावरील मालकीच संपुष्टात येणे. ही दुसरी पायरी विनाचौकशी गाठता येईल काय? १८९४ मध्ये 'लॉटन विरुद्ध स्टील' या दाव्यात प्रश्न होता बेकायदा मासेमारीच्या जाळ्यांचा. न्यायालयाने त्यांचा तडकाफडकी नाश वैध ठरविला, मात्र जाळ्यांची किंमत अल्प आहे हेही त्यासाठी विचारात घेतले. पत्ते आणि फासे स्वतः निरुपद्रवी असले तरी जुगारात वापरले गेल्यास नष्ट करता येतात, असेही त्याच निकालात म्हटले आहे.

६/ महाग वस्तूंसाठी मात्र रीतसर दावा हवा, आणि तो थेट वस्तूवरच चाले. याच्याशी नाते सांगणारी एक जुनी इंग्रजी प्रथा होती : माणसाचा जीव घेणारी गाडी किंवा घोडा राजाकडे जमा होई. रेल्वे अपघातांच्या काळात ती अडचणीची ठरून १८४६ मध्ये रद्द झाली. वस्तूला 'दोषी' मानण्याची कल्पना मात्र अमेरिकेत टिकली. मालक सापडो वा न सापडो, दावा चालतो. सरकारला ही सोय फार आवडते. मला स्वतःला ती धोकादायक वाटते. मालकाचा अपराध सिद्ध न करताच त्याची मालमत्ता जाऊ शकते.

७/ जानेवारी १९५१ मध्ये 'जॉन्सन कायदा' आला. जुगारयंत्रे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, तेथील कायद्याने परवानगी नसताना, पाठविण्यास बंदी. विक्रेत्यांनी केंद्राकडे नोंदणी करून दरमहा विक्रीचा तपशील द्यायचा. कायदा मोडल्यास यंत्रे सरकारजमा. त्यावर विसंबून एफबीआयने टेनेसीतील एका क्लबातून पाच यंत्रे उचलली. (कॉस्टेलोची दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर जाहीर चौकशी करणारे सिनेटर केफॉव्हर याच टेनेसीचे!)

८/ पेच असा, की ही यंत्रे किंवा त्यांचा व्यवहार राज्याची सीमा ओलांडून झाला, असा सरकारचा दावाच नव्हता. तशा पुराव्याची गरज नाही, असे सरकारचे म्हणणे. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते नाकारले. न्यायमूर्ती जॅक्सन यांची भूमिका अशी : राज्यातल्या राज्यात घडणाऱ्या स्थानिक गोष्टींत इतके खोलवर शिरायचे असेल, तर काँग्रेसने ते निःसंदिग्ध शब्दांत सांगितले पाहिजे. ब्लॅक आणि डग्लस यांना तर नोंदणीचे कलमच संदिग्ध वाटले.

९/ १९६२ मध्ये काँग्रेसने कायदा दुरुस्त करून त्याची कक्षा वाढविली. टेनेसीच्या त्या पाच यंत्रांवरील दावा मात्र १९५३ मध्येच निकालात निघाला होता, आणि तोही त्यांच्या बाजूने.