जुन्या मोटारीची चकाकी

पन्नास-साठ वर्षे गोदामात पडून राहिलेली मोटार पुन्हा मूळ रूपात उभी करायची म्हटले, की पाहणाऱ्याला काळजी वाटते ती इंजिनाची. पण पिस्टन, झडपा, बेअरिंगे हे भाग मापे घेऊन लेथवर नव्याने घडवता येतात. खरी अडवणूक करतात ते दिसायला किरकोळ असे भाग: दाराची मूठ, दिव्याभोवतीचे कडे, बॉनेटवरचे बोधचिन्ह, पुढची जाळी आणि अंगावरून धावणारी चकचकीत पट्टी. अमेरिकेत १९२० च्या दशकापासून दरवर्षी मोटारीचे रूप बदलण्याची प्रथा पडली. त्यामुळे यातील कितीतरी भाग एका वर्षाच्या एका मॉडेलपुरतेच तयार झाले. मॉडेल संपले की साचे मोडीत गेले.

तरीही प्रश्न उरतोच. साध्या शोभेच्या पट्टीची नक्कल करणे एवढे कठीण का असावे? याचे उत्तर त्या पट्टीच्या धातूत आणि त्यावरच्या मुलाम्याच्या इतिहासात आहे.

पितळ, निकेल आणि क्रोमियम

सुरुवातीच्या मोटारींचे दिवे आणि रेडिएटर पितळेचे असत. पितळ देखणे खरे, पण घरातल्या समईप्रमाणे ते सतत घासावे लागते. पुढे त्याची जागा निकेलच्या मुलाम्याने घेतली. निकेल गंजाला चांगले तोंड देते, पण उघड्या हवेत हळूहळू पिवळट आणि मंद होते.

क्रोमियमची चमक मात्र टिकते, कारण त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक आणि घट्ट थर आपोआप तयार होतो. विजेच्या साहाय्याने क्रोमियमचा थर बसवता येतो, हे बुन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८५४ मध्येच दाखवले होते. तरी कारखान्यात रोज खात्रीने तसाच थर मिळवायला आणखी सत्तर वर्षे लागली. अमेरिकेत सार्जंट यांनी १९२० मध्ये क्रोमिक आम्लाच्या द्रावणाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक यांनी त्यातली मेख ओळखली. क्रोमिक आम्लात सल्फेटसारखे मूलक अगदी थोड्या प्रमाणात असावे लागतात आणि ते प्रमाण काटेकोरपणे सांभाळावे लागते. शंभर भाग क्रोमिक आम्लाला सुमारे एक भाग सल्फेट, हे प्रमाण आजही वापरात आहे. सल्फेट कमी-जास्त झाले की थर बिघडतो किंवा बसतच नाही. फिंक यांना १९२६ मध्ये या पद्धतीचे पेटंट मिळाले. त्याच सुमारास ओल्ड्समोबिलच्या मोटारींवर क्रोमियम झळकू लागले आणि काही वर्षांतच ते सर्वत्र पसरले.

आपण ज्याला ‘क्रोम’ म्हणतो तो एकच थर नसतो. खाली तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमियम अशी ही रचना असते. निकेलचा थर साधारण २० मायक्रॉन धरला, तर क्रोमियमचा थर जेमतेम ०.३ मायक्रॉन असतो. फॅराडेच्या नियमांनी हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर २० मायक्रॉन निकेल बसवायला सुमारे १.८ ग्रॅम निकेल लागते. प्रत्येक अणूला दोन इलेक्ट्रॉन या हिशेबाने ४ अँपिअर प्रवाहाला त्यासाठी सुमारे २४ मिनिटे लागतात. क्रोमियम लागते फक्त ०.०२ ग्रॅम. मात्र त्याच्या प्रत्येक अणूला सहा इलेक्ट्रॉन लागतात, आणि प्रवाहाचा सहा-सातवा हिस्साच कामी येतो, बाकीचा हायड्रोजन वायू तयार करण्यात खर्च होतो. तरीसुद्धा १२ अँपिअरला दोन-सव्वादोन मिनिटे पुरतात. म्हणजे डोळ्यांना दिसते ती चमक क्रोमियमची, पण खालच्या धातूचे रक्षण करते ते मुख्यतः निकेल.

जस्ताची कीड

हा मुलामा ज्या धातूवर चढवला जाई तो पुष्कळदा जस्ताचा मिश्रधातू असे. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे ते पोलादी साच्यात दाबाने भरता येते आणि एकाच साच्यातून हजारो नग निघतात. बारीक अक्षरे, नक्षी, वळणे, सारे एका दमात उमटते. पितळेच्या ओतकामाला हे परवडणारे नव्हते.

पण १९२० च्या दशकातील अशा अनेक वस्तू काही वर्षांतच फुगू लागल्या, त्यांना तडे गेले आणि शेवटी हातात घेताच त्यांचा चुरा होऊ लागला. वाळवी लागलेल्या लाकडासारखी ही अवस्था. कारण होते जस्तातील अशुद्धी. शिसे, कथील किंवा कॅडमियम हजारात काही शतांश भागाइतके जरी जास्त झाले, तरी ते धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर जमते. उबदार, दमट हवेत गंज या सीमांवरून आत शिरतो आणि कणाकणांमधला बंध तुटतो. बाहेरून घासून काही उपयोग नसतो, कारण रोग आतला आहे.

उपाय निघाला तो शुद्धतेतून. जस्ताचा उत्कलनबिंदू ९०७ अंश, तर शिशाचा १७०० अंशांच्याही वर. या फरकाचा फायदा घेऊन ऊर्ध्वपातनाने ९९.९९ टक्के शुद्ध जस्त मिळवता येऊ लागले. त्यात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे मिसळून न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये ‘झॅमॅक’ हे मिश्रधातू बाजारात आणले. या चारही धातूंच्या जर्मन नावांची आद्याक्षरे त्या नावात आहेत.

आतली कीड थांबली, तरी मुलाम्याखालचा गंज राहिलाच. जस्ताचे पाणी दिलेल्या पत्र्यावर ओरखडा पडला, तर जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते, हे आपण वर्गात शिकवतो. इथे नेमके उलट घडते. वरचे निकेल कमी क्रियाशील आणि खालचे जस्त अधिक क्रियाशील. मुलाम्याला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले, की तिथले जस्त झपाट्याने विरघळते आणि खड्डा पडतो. जुन्या मोटारींच्या मुठींवर दिसणारे फोड ते हेच.

१९३० मध्ये फोर्डने आपल्या ‘मॉडेल ए’च्या रेडिएटरचे कवच आणि दिवे गंजरोधक पोलादाचे केले. त्यात क्रोमियम वरून दिलेले नसते, धातूतच मिसळलेले असते. म्हणून अशा पट्टीला पोचा आला तरी ती मागून हलकेच ठोकून, घासून पूर्ववत करता येते. जस्ताची ओतीव वस्तू ठोकली तर तुटते.

हरवलेला तुकडा

मग खड्डे पडलेली मूठ दुरुस्त कशी करतात? आधी क्रोमियम आणि निकेल उतरवतात. प्रत्येक खड्डा कोरून स्वच्छ करतात. त्यावर तांब्याचा थर देऊन खड्डे डाखाने भरतात, घासून सपाट करतात, आणि मग पुन्हा तांबे, निकेल, क्रोमियम. हे दिवसचे दिवस चालणारे हातकाम आहे.

तुकडा चुराच झाला असेल तर नवा ओतावा लागतो. दुसऱ्या कुणाकडून चांगला नमुना उसना आणून त्याचा रबरी साचा घेतात. त्यात मेण ओततात, मेणाभोवती मातीसारख्या उष्णतारोधक पदार्थाचे कवच चढवतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत पितळ किंवा कांसे ओततात. मोहेंजोदडोची सुमारे साडेदहा सेंटिमीटर उंचीची नर्तकी याच पद्धतीने घडली. बस्तरचे ढोक्रा कारागीर आजही तसेच काम करतात.

इथे एक अडचण येते. ओतलेला धातू थंड होताना सुमारे दीड टक्का आकसतो. ६० सेंटिमीटरची पट्टी जशीच्या तशी साच्यात घेतली, तर नक्कल ९ मिलिमीटरने आखूड भरते आणि पत्र्यावरची भोके जुळत नाहीत. म्हणून साचेकार पूर्वीपासून जाणूनबुजून थोडी मोठी आखलेली पट्टी वापरत आले आहेत. आता मूळ वस्तूचे त्रिमितीय मापन करून संगणकात ती हवी तेवढी वाढवता येते आणि नमुना छापून घेता येतो. नक्कल मापाला बरोबर बसली, तरी पितळेची मूठ जस्ताच्या मुठीपेक्षा जवळजवळ तीस टक्के जड असते. डोळे फसतात, पण हाताला फरक कळतो.

खरे कोणते?

यातून एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. कोरियन युद्धाच्या काळात, १९५१ ते १९५३ च्या सुमारास, अमेरिकेत निकेल संरक्षणासाठी राखून ठेवले गेले. त्यामुळे १९५२ च्या अनेक मोटारींवर तांब्यावर थेट पातळ क्रोमियम देऊन वर पारदर्शक लाखेचा हात फिरवला होता. तो मुलामा लवकर उडाला. आज अशी मोटार दुरुस्त करणारा तिला निकेलसह पक्का मुलामा देतो. ती कारखान्यातून निघाली तेव्हापेक्षा अधिक चमकते, पण त्या टंचाईची खूण मात्र पुसली जाते.

कॉलिन फिंक यांच्या आयुष्यातही हा प्रश्न आहे. चार्ल्स एल्ड्रिज यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील प्राचीन कांस्यवस्तूंवर काम केले आणि १९२५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. गंजलेली वस्तू सौम्य कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ऋणाग्र म्हणून टांगली, की गंजाचे क्षपण होऊन वस्तू मोकळी होते, अशी ती पद्धत. पुढच्या पिढीतील संरक्षकांनी मात्र इशारा दिला, की त्या हिरव्या पुटातच वस्तूची मूळ कड आणि तिचा इतिहास दडलेला असतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेतही हाच विचार आहे. जेवढे मूळ टिकवता येईल तेवढे टिकवावे, आणि बदललेले भाग पुढे ओळखू येतील अशी खूण करावी.

शिवाय या चमकेची किंमत मुलामा देणाऱ्या कामगाराने मोजली आहे. षट्‌संयुजी क्रोमियमच्या बाष्पकणांनी नाकाच्या पडद्याला भोके पडतात आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून त्याचा वापर परवानगीशिवाय करता येत नाही. त्रिसंयुजी क्रोमियमचा पर्याय आहे, पण त्याची छटा किंचित वेगळी दिसते. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन पट्ट्या जुळत नाहीत अशी तक्रार होते.

म्हणूनच क्रोमिक आम्लाचा प्रयोग शाळेत कधीही करू नये. मोरचुदाच्या द्रावणातील तांब्याचा मुलामा पुरेसा आहे. त्याबरोबर विद्यार्थ्यांना एखाद्या जुन्या सायकलचे हँडल भिंगातून पाहायला सांगावे. चकचकीत भागात तांबूस ठिपके कुठे आहेत, ते कडेला जास्त आहेत की मध्ये, आणि ठिपक्याभोवतीचा मुलामा अजून शाबूत का आहे, हे त्यांनी नोंदवावे. विद्युत् रसायनाचा अर्धा धडा त्या हँडलवरच लिहिलेला सापडेल.